क्रीममधलं माकूल

१६ फेब्रुवारी १९९८, सोमवार

ह्यांना दरवर्षी विम्याच्या एजंटकडून डायरी यायची. यंदाही आली. पहिल्या पानावर ह्यांनी नाव घातलं, दीनानाथ पेडणेकर, खाली रक्तगट लिहिला, आणि दोन फेब्रुवारीला गेले. कोरी डायरी वाया कशाला घालवायची, म्हणून मी लिहायला बसलेय. मी विजया, त्यांची बायको. वय छप्पन्न, गुडघे सोडले तर ठणठणीत.

दहाव्याला कावळा शिवला नाही. हे मी कोणाजवळ बोलत नाही, पण इथे लिहिते. यमुनेच्या घाटावर पाऊण तास बसलो. वेंगुर्ल्याहून आलेले माझे दीर, भाऊसाहेब, हात जोडून म्हणाले, ‘दादा, वहिनीला अंतर देणार नाही.’ मीही मनात येईल ते कबूल केलं. फ्लॅट विकणार नाही, तुमची पुस्तकं रद्दीत घालणार नाही. कावळे समोरच्या भिंतीवर बसून बघत राहिले. शेवटी पहाडगंजच्या गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. म्हणाले, शास्त्रात चालतं. चालत असेल शास्त्रात, मला नाही चालत.

कारण काय राहिलंय ते मला ठाऊक आहे, आणि तेच मी घाटावर बोलले नाही. गुरुजींसमोर मासळीचं नाव कसं घ्यायचं? हॉस्पिटलात शेवटचे तीन दिवस ह्यांनी एकच लावून धरलं होतं, ‘क्रीममधलं माकूल हवं.’ आता माकूल मी जन्मभर केलं, पण खोबऱ्याच्या वाटपात, वरून सोलं घालून, आमच्या वेंगुर्ल्याला करतात तसं. मी म्हटलं, क्रीममधलं कुठलं? तर डोळे मिटून म्हणाले, ‘ते नाही गं. ते पांढरं.’ मला वाटलं तापात बडबडतायत. मी चमच्यानं मोसंबीचा रस पाजला. आता तो चमचा आठवला की जीव नकोसा होतो.

२१ फेब्रुवारी, शनिवार

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही सत्तावीस वर्षं काढली. तिथे दुपारी चारला भाजीवाला, इस्त्रीवाला, शेजारणी, नुसता गलबला. रिटायर झाल्यावर ह्यांना मोकळी हवा हवी झाली म्हणून दोन वर्षांपूर्वी इथे गुडगावात, सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर आलो. हवा मोकळी आहे, माणूसच नाही. समोर अर्ध्या बांधलेल्या बिल्डिंगा, आणि खिडकी उघडली की टेबलावर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ.

आज चारला फोन वाजला. हॅलो म्हटलं, उत्तर नाही. लाइन मेली म्हणावं तर तसंही नाही, पलीकडे कोणीतरी श्वास घेत होतं. तीनदा हॅलो म्हटलं आणि ठेवला. ठेवते न ठेवते तोच स्वयंपाकघरातून वास आला. लोण्यात लसूण परतल्याचा. जाऊन बघितलं तर गॅस बंद, ओटा कोरडा. मी घरात लोणी आणतच नाही.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी हे दिल्लीला जायचे, पेन्शनर मंडळींच्या बैठकीला. आणि बरोबर चारला तिथून फोन करायचे, ‘निघतोय गं.’ मी हा विचार करू नये. चहा करून प्यायले आणि बाहेर गॅलरीत बसले.

२८ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा आला. पुन्हा चारला. आज मी मन घट्ट केलं आणि सरळ विचारलं, ‘तुम्ही का?’

पलीकडचा श्वास अडकला, मग हळूहळू सुरू झाला. मी म्हटलं, ‘तुमचं जेवणावर मन राहिलंय, मला कळतंय. मी करीन. पण कसं करायचं ते तरी सांगा.’ तेवढ्यात तिकडे कुकरची शिट्टी झाली, एकच, लांबलचक. तिकडे कुकर असतात? की मला वेड लागतंय? लक्ष्मीबाई नगरात एक बाई नवरा गेल्यावर पंख्याशी बोलायची, सगळे हसायचे. मीही हसले होते.

पण एक लिहिते, खोटं कशाला बोलू. फोन ठेवल्यावर सव्वीस दिवसांत पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

३ मार्च, मंगळवार

वरच्या मजल्यावरची तेजश्री आली होती. पुण्याची पोर, इथे एका अमेरिकन कंपनीत कामाला, रोज सकाळी गाडी न्यायला येते. तिला मी फोनचं सांगितलं. कोणाचा फोन ते नाही सांगितलं, नुसता ब्लँक कॉल. लगेच म्हणाली, ‘काकू, कॉलर आयडी लावून घ्या ना. डबी असते छोटी, नंबर दिसतो. मी आणते.’

‘नको,’ मी इतक्या जोरात म्हटलं की ती दचकली. नंबर दिसला म्हणजे? काय दिसणार आहे त्यात?

मग इकडचं तिकडचं बोलताना विचारलं तिनं, ‘काकू, मुलं कुठे असतात तुमची?’ मी म्हटलं, ‘मुलगी होती. चार वर्षांपूर्वी तिच्या नावानं आंघोळ केली.’ तिचा चेहरा एवढासा झाला. ‘सॉरी हं काकू. काय झालं होतं तिला?’

‘हॉटेलातल्या आचाऱ्याशी लग्न केलं.’

पुढचं मीच सांगितलं. एम.ए. केलेली मुलगी, आणि नेगी नावाचा गढवाली, मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात साहेबलोकांचं जेवण करणारा. मी बजावलं होतं. ऐकलं नाही. ती गेली त्या सकाळी मी खरोखर डोक्यावरून पाणी घेतलं, आणि ह्यांना सांगितलं, आजपासून या घरात तिचं नाव निघता कामा नये. ह्यांनी नाही काढलं. इतक्या वर्षांत एकदाही नाही. मला वाटायचं, माझ्याइतकेच हेही चिडलेत.

६ मार्च, शुक्रवार

आयएनए मार्केटला गेले. बसनं धौला कुआं, तिथून रिंग रोडची मुद्रिका बस, गुडघ्यांची वाट लागली. पण माकूल दिल्लीत मिळणार तर तिथेच. आमचा जुना मासेवाला, क्वार्टरमध्ये होतो तेव्हापासूनचा. मला बघितल्या बघितल्या म्हणाला, ‘आंटीजी! अंकल कहाँ हैं? दो महीने से दिखे नहीं.’ मी सांगितलं. सुरी खाली ठेवून कानाला हात लावला त्यानं. मी अर्धा किलो स्क्विड मागितलं, हे लोक माकुलाला तेच म्हणतात, तर म्हणाला, ‘गोल-गोल काट दूँ? अंकल वैसे ही कटवाते थे.’

मी म्हटलं, कौन अंकल?

‘अपने अंकल, आंटीजी। हर महीने दूसरे सैटरडे, दो साल से। आधा किलो, साफ करवाके, छल्ले कटवाके। फिर सामने से क्रीम का डिब्बा लेते थे, और कोटला की तरफ पैदल।’

दोन वर्षं. दर महिन्याला. आमच्या घरात दोन वर्षांत एकदाही माकूल आलं नाही. गुडगावला येईपर्यंत खराब होतं म्हणून मीच आणू नका म्हटलं होतं.

कोटल्यात, मार्केटजवळच्या त्या वस्तीत, आमचं कोणी नाही. मी बसमध्ये उभ्यानं विचार करत आले. पेन्शनरांची बैठक कोटल्यात होत नाही, आणि बैठकीला कोणी मासे घेऊन जात नाही. बाई आहे. दुसरं काय असणार? ऑफिसातली ती सक्सेना, विधवा, ह्यांना ‘दीनानाथजी, दीनानाथजी’ करायची ती. वय झालं म्हणून काय झालं. माणसाचा काही भरवसा नाही.

७ मार्च, शनिवार

चारला फोनपाशीच बसले होते. पहिल्या घंटेला उचलला.

‘कोटल्यात कोण आहे?’ मी विचारलं. ‘ती सक्सेना का? माझ्या हातचं खोबऱ्यातलं माकूल तीस वर्षं ताट चाटूनपुसून खाल्लंत, आणि मरताना तिचं क्रीम आठवलं तुम्हाला? लाज नाही वाटली? आणि मी वेडी तुमच्यासाठी बसचे धक्के खात मासे आणतेय!’

पलीकडून आवाज आला. हसल्याचा. नाकातून फुसकन, आणि मग तोंडावर हात दाबल्यासारखं काहीतरी. माझ्या अंगावर काटा आला, पण रागही इतका की मी म्हटलं, ‘हसा! मेल्यावर तरी मोकळेपणानं हसा!’ आणि आपटला फोन.

मग बसून राहिले. हे नाकातून हसायचे नाहीत. ह्यांचं हसू घशातलं, खोकल्यासारखं. नाकातून कोण हसायचं ते मला माहीत आहे, पण तो विषय नाही.

८ मार्च, रविवार

रागात असले तरी कबूल केलं ते केलं पाहिजे. चार दिवसांची साय साठवली होती. कांदा परतला, माकुलाचे छल्ले टाकले, साय घातली, वीस मिनिटं शिजू दिलं. सायीचं तूप सुटून वर तरंगायला लागलं आणि माकूल असं झालं की चपलेचा अंगठा चावावा. तरी पान वाढलं आणि गच्चीवर नेऊन ठेवलं. कावळा एकही नाही. या गुडगावात झाडंच कुठायत कावळ्यांना बसायला? वरून घार आली आणि दोन छल्ले उचलून पाण्याच्या टाकीकडे गेली. घारीचं चालतं का, हे कोणाला विचारणार?

१४ मार्च, शनिवार

आज दुसरा शनिवार. फोन आला नाही.

चार वाजले, साडेचार, पाच. लसणाचा वास मात्र घरभर, डोकं दुखेपर्यंत. मी खुर्चीवरून उठलेच नाही. मी फार बोलले का त्यांना गेल्या वेळी? सक्सेना असली तर असू दे. कोण का असेना. फक्त फोन यावा.

१९ मार्च, गुरुवार

माकूल मी कालच आयएनएतून पुन्हा आणलं होतं, आणि क्रीममध्ये कसं करतात ते तेजश्रीला विचारून ठेवलं होतं. ती आज सुट्टी काढून आली. स्वतः जन्मात मासा शिवलेली नाही, पण ऑफिसातल्या कोणाकडून तरी विचारून कागदावर लिहून आणलं होतं, आणि क्रीमचा डबाही. नाकाला ओढणी लावून ओट्याशी उभी राहिली. ‘काकू, लोणी, लसूण, मिरपूड, मग क्रीम. हळद नाही, तिखट नाही. यार, हे आजारी माणसाचं जेवण वाटतंय.’

रंग सुरेख आला. पांढरंशुभ्र, दाट. मी खूश झाले. आणि काय सांगू, माझा हात आपोआप सोलांच्या बरणीकडे गेला. चाळीस वर्षांची सवय, माकूल उतरवायच्या आधी चार सोलं. टाकली पण. बघता बघता क्रीम फाटलं, गुलाबी पाणी एकीकडे आणि गोळे एकीकडे. तेजश्री म्हणाली, ‘अहो काकू, आंबट कशाला घातलंत?’ मी ओट्याला टेकून लहान पोरीसारखी रडले. माकूलही वातडच होतं, ते वेगळंच.

तिनं मला खुर्चीत बसवलं. म्हणाली, ‘हे काकांसाठी करताय ना?’ मी सगळं सांगितलं, फोनचं, कोटल्याचं, सक्सेनाचं, कुकरच्या शिट्टीचं. ती काहीतरी म्हणणार होती, मग म्हणाली, ‘काकू, पुढच्या वेळी फोन आला ना, तर भांडू नका. नुसतं बोला.’

२१ मार्च, शनिवार

आला. चारला. मी भांडले नाही.

मी म्हटलं, ‘अहो, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. ते सांगितल्याशिवाय तुम्हीही सुटणार नाही आणि मीही.’ पलीकडे श्वास.

मी सांगितलं ते जसंच्या तसं इथे लिहिते, उद्या मला टाळता येऊ नये म्हणून.

शेवटच्या दिवशी ती आली होती हॉस्पिटलात. कोणी कळवलं देव जाणे. वॉर्डाच्या दारात उभी, हातात स्टीलचा डबा, फडक्यात बांधलेला. चार वर्षांनी बघत होते, बारीक झाली होती. ‘बाबांना बघायचंय,’ म्हणाली. मी दार अडवून म्हटलं, ‘झोपलेत.’ तुम्ही झोपला नव्हतात. तुम्ही जागे होतात, छताकडे बघत होतात. ती बाकावर बसली. दोन तास बसली. मी गार्डला सांगितलं, कोणाला सोडायचं नाही. शेवटी डबा बाकावर ठेवून गेली. तुम्ही आतून विचारलंत, ‘कोण आलं होतं?’ मी म्हटलं, कोणी नाही, नर्स. मी डबा उघडलासुद्धा नाही. सफाईवालीला देऊन टाकला. अजून गरम होता, आणि त्याला वास येत होता, लसणाचा

२२ मार्च, रविवार

काल तिथेच पेन थांबलं. पलीकडे काय झालं तेही लिहायचं राहिलं. मी बोलता बोलता थांबले आणि पलीकडे कोणीतरी रडत होतं. पुरुषाचं रडणं नव्हतं ते. मग फोन ठेवला गेला, हळूच.

मयुरा. चार वर्षांनी लिहितेय हे नाव.

किती मूर्ख बाई आहे मी. नवरा कोटल्याला सक्सेनाकडे जात होता म्हणे! पोरीकडे जात होता. दर महिन्याला मासे घेऊन, चोरासारखा, बायकोच्या भीतीनं. ती लोण्यात लसूण घालून करत असणार, नवऱ्याकडून शिकली असणार, आणि हे बसून जेवत असणार. आणि चारला तिच्याच फोनवरून मला सांगत असणार, निघतोय गं.

शेवटचे तीन दिवस ह्यांना माकूल नको होतं. पोर हवी होती. माझ्यासमोर तिचं नाव घ्यायची मी बंदी केली होती, आणि मरतानाही त्या माणसानं ती मोडली नाही. नाव घेता येईना म्हणून माकूल मागत राहिला. आणि ते दारात आलं होतं. दोन्ही आली होती, पोर आणि डबा, दहा पावलांवर. मी रस पाजत होते.

माझ्यावर चिडलेत म्हणून भूत झालेत असं मला वाटत होतं. भूत कसलं. घरात जे फिरतंय ते मीच केलेलं आहे.

२८ मार्च, शनिवार

चारला वाजला. उचलायचा धीर झाला नाही. एकवीस वेळा वाजला. मी समोर उभी राहून मोजत होते. तिनं सगळं ऐकलंय. डबा मी कोणाला दिला ते, बाबा जागे होते ते. काय तोंडानं बोलू?

३१ मार्च, मंगळवार

तेजश्रीला सांगितलं. ती म्हणाली, ‘मला वाटलंच होतं, काकू.’ मग सांगायचं नाही का, म्हटलं. ‘तुम्ही ऐकलं असतं?’ आजकालच्या मुली तोंडावर बोलतात. नसतं ऐकलं.

पुढच्या शनिवारी फोन आलाच नाही तर? माझ्याकडे नंबर नाही. कोटला केवढा मोठा, गल्ल्यांत गल्ल्या. ह्यांच्या कपाटात, खिशांत, पुस्तकांत शोधला, एक चिठ्ठी नाही. फार काळजीनं लपवली त्यांनी ती माझ्यापासून.

४ एप्रिल, शनिवार

दोनपासून फोनपाशी होते. चार वाजले, वाजला नाही. पाच वाजले. मी देवाला नाही, ह्यांना हात जोडले. पाच दहाला वाजला.

उचलला. श्वास.

सगळं ठरवून ठेवलं होतं काय बोलायचं. चूक झाली, माफ कर, काय काय. एक शब्द बाहेर येईना. शेवटी जे तोंडातून निघालं ते असं, ‘अहो, ते माकूल माझं दोनदा बिघडलं. वातड होतं. आणि क्रीम फाटतं.’

मला वाटलं, फोन ठेवून गेली. मग आवाज आला. जरा घोगरा झालाय, पण तोच.

‘आच मोठी ठेवायची. दोन मिनिटं, त्याच्या वर नाही. लगेच उतरवायचं. क्रीम गॅस बंद केल्यावर.’

मी म्हटलं, ‘बरं.’

‘आणि सोलं घातली असशील तू.’

‘घातली,’ मी म्हटलं.

ती हसली नाही. रडलीही नाही. मागे कुणीतरी भांडी लावत होतं. मी म्हटलं, ‘मयुरा, बाबांना...’ आणि पुढे जाता येईना. तीच म्हणाली, ‘त्या दिवशी बाबा खरंच जागे होते?’

‘होते.’

‘माझा आवाज गेला असेल आत?’

खोटं बोलता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर तिला सोपं गेलं असतं, की कठीण, मला कळेना. मी खरं सांगितलं, ‘गेला असणार. त्यानंतर त्यांनी पुन्हा माकूल मागितलं नाही.’

मग मी म्हटलं, ‘पत्ता दे. मी येते. आत्ता निघाले तर सातपर्यंत पोचेन.’

‘नको,’ ती म्हणाली. ‘अजून नको, आई. मी करीन फोन. शनिवारी.’

मी हट्ट केला नाही. बरं म्हटलं आणि तिनं ठेवेपर्यंत रिसीव्हर कानाला धरून उभी राहिले. ती मला दारातून परतवतेय, आणि ते ती माझ्याकडूनच शिकलीय.